भोंग्यातला तीव्र मध्यम

भालकी, औराद, बसवकल्याण, हुमनाबाद, आळंद या कर्नाटकातल्या पट्ट्यात सप्ताह बसला की मांडवात सगळ्यांत आधी बोलतं ते साऊंडवाल्याचं मशीन. विणेकरी उभा राहायच्या आत भोंग्यातून घूंऽऽ सुरू होतं. साऊंडवाल्याच्या कानाला त्याची सवय झालेली असते. गावकऱ्यांना तो आवाज म्हणजे करंट आल्याची खूण वाटते. वैतागतो तो पेटीवाला. आणि त्याचं बरोबर आहे, कारण त्या घूंला चक्क सूर असतो.

आपल्याकडची वीज सेकंदाला ५० आवर्तनं करते. मशीनच्या पॉवर सप्लायमध्ये प्रत्येक आवर्तनाचे दोन्ही अर्धे भाग वापरले जातात, म्हणून तिथून निघणारी गुणगुण १०० हर्ट्झची. पेटीवर खर्जातली पांढरी पाच ९८ हर्ट्झच्या आसपास लागते. म्हणजे ही गुणगुण पांढरी पाचपेक्षा अर्ध्या स्वराच्या तिसऱ्या हिश्शाएवढी चढी. बुवा काळी एकमध्ये गात असतील तर पांढरी पाच हा त्यांचा तीव्र मध्यम. भूपातला अभंग चाललाय, ज्यात मध्यमच वर्ज्य, आणि मागे अखंड तीव्र मध्यम, तोही बेसूर! अमेरिकेतल्या मराठी मंडळांची अडचण आणखी वेगळी आहे. तिथे वीज ६० हर्ट्झची, त्यामुळे गुणगुण १२० हर्ट्झची. ती काळी पाच आणि पांढरी सात यांच्या बरोबर मध्ये पडते, म्हणजे पेटीवर तिची पट्टीच नाही.

कुणी म्हणेल, भोंग्यातून १०० हर्ट्झ निघतच नाही. खरं आहे. सभेचा साधा भोंगा दोन-अडीचशे हर्ट्झच्या खाली जवळपास मुका असतो. पण पॉवर सप्लायची गुणगुण शुद्ध नसते. तिच्यासोबत २००, ३००, ४०० अशी पटीतली सगळी पिल्लावळ येते. कान ती ऐकतो आणि मूळ १०० चा सूर स्वतःच भरून काढतो. म्हणून एकच मशीन कॉलम स्पीकरवर ‘घूं’ करतं आणि भोंग्यावर ‘झर्र’. हा फरक ध्यानात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

आता मशीनचं झाकण उघडू. त्याआधी प्लग काढायचा, आणि मोठे कंडेन्सर एखाद्या रेझिस्टरमधून रिकामे करून घ्यायचे. प्लग काढल्यावरही ते बराच वेळ भरलेले राहतात.

आत पहिला भेटतो ट्रान्सफॉर्मर. त्याच्या एका वेटोळ्याला २३० व्होल्ट, दुसऱ्यातून निघतात समजा १५. हे १५ व्होल्ट म्हणजे आरएमएस, एका प्रकारच्या सरासरीचा हिशेब. लाटेचा माथा त्याच्या १.४१ पट, म्हणजे २१ व्होल्टच्या जरा वर असतो. पुढे चार डायोडचा ब्रिज. तो लाटेचा खालचा अर्धा भाग उलटा करून वर आणतो आणि स्वतःची दस्तुरी म्हणून १.४ व्होल्ट कापून घेतो. उरले १९.८. त्यानंतर गोल डब्यासारखा फिल्टर कंडेन्सर. शेवटी तीन पायांचा रेग्युलेटर, बहुतेक ठिकाणी ७८१२, जो नेमके १२ व्होल्ट पुढे सोडतो. त्यावर मिक्सर, एको, वायरलेस माईकचा रिसीव्हर चालतात. धरून चालू की सगळे मिळून १ अँपियर घेतात.

या साखळीत कंडेन्सर काय करतो हे नीट समजलं तर निम्मी गुणगुण कळली. विहिरीवरची मोट आठवा: मोट वर येते, थारोळ्यात एकदम पाणी ओतते आणि परत खाली जाते; ती पुन्हा येईपर्यंत पाट थारोळ्यातल्या पाण्यावर वाहत राहतो. कंडेन्सर हे थारोळं. ब्रिजमधून वीज सलग येत नाही. लाटेचा माथा कंडेन्सरमधल्या व्होल्टेजच्या वर चढला तरच डायोड उघडतो, एक-दोन मिलिसेकंद उघडा राहतो आणि मिटतो. दर दहा मिलिसेकंदांत मधल्या आठ-नऊ मिलिसेकंदांचा सगळा खर्च कंडेन्सरनं पोसायचा. तेवढ्या वेळात त्याची पातळी उतरते, मग पुन्हा भरते. हा चढ-उतार म्हणजे आपली १०० हर्ट्झची गुणगुण.

किती उतरते? खर्चाचा करंट भागिले (१०० गुणिले कंडेन्सर), हा ढोबळ हिशेब. १ अँपियर आणि ४७०० मायक्रोफॅरड घेतले तर २.१ व्होल्ट. म्हणजे माथ्याला १९.८ असलेली पातळी दर खेपेला १७.७ पर्यंत खाली येते. ७८१२ ला मात्र याचं काही वाटत नाही. त्याच्या मागे निदान दोन व्होल्ट जास्त, म्हणजे १४ च्या वर पातळी राहिली की तो हा हेलकावा साधारणपणे हजारांश किंवा त्याहून कमी करून टाकतो. दोन व्होल्टचे दोन मिलिव्होल्टही उरत नाहीत. मशीन शांत.

इथपर्यंत सगळं पुस्तकाप्रमाणे झालं. पण पुस्तकातले २३० व्होल्ट मांजरा किंवा भीमेच्या काठावरच्या वस्तीत कायम मिळतात असं नाही.

दत्तजयंती मार्गशीर्षात. माणिकनगरचा संगीत दरबार, गाणगापूरची गर्दी, गावोगावचे सप्ताह, सगळं साधारण त्याच सुमाराला सुरू होतं, आणि तेव्हाच हरभऱ्याला, ज्वारीला, उसाला पाणी द्यायची घाई असते. कर्नाटकात १० अश्वशक्तीपर्यंतच्या शेतपंपांना वीज मोफत आहे आणि थ्री फेज करंट ठरावीक तासच येतो. मोटारींना ऑटो स्टार्टर लावलेले. करंट आला की शिवारातल्या मोटारी एकदमच उठतात, आणि सुरू होताना प्रत्येक मोटार नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते. टीसीपासून (गावच्या ट्रान्सफॉर्मरपासून) लांबवर गेलेल्या एलटी (लो टेन्शन) लाईनच्या टोकाला देऊळ असेल तर तिथे मीटरवर १७० व्होल्ट दिसणं काही अप्रूप नाही. निरंतर ज्योती योजनेत गावाचा आणि शेतीचा फीडर जिथे वेगळा झाला तिथे गावठाणात हा त्रास कमी; पण शेतातल्या वस्तीवरचं, मळ्यातलं देऊळ बहुधा पंपांच्याच लाईनवर असतं.

आता १७० व्होल्ट घालून तोच हिशेब पुन्हा करा. १५ चे होतात ११.१. माथा १५.७. ब्रिजचे १.४ गेले, १४.३. त्यातून हेलकाव्याचे २.१ वजा केले की दरीत उरतात १२.२. ७८१२ ला हवेत १४. माथ्यावर रेग्युलेटर जेमतेम काम करतो, दरीत हात टेकतो, पुन्हा माथ्यावर सावरतो. हे सेकंदाला १०० वेळा. आतापर्यंत हजारांश होणारी गुणगुण आता जशीच्या तशी पुढे जाते. उलटा हिशेब मांडला तर कळतं की लाईनचं व्होल्टेज १९० च्या खाली गेलं की हे सुरू होणार.

म्हणूनच तक्रार नेहमी एकाच चालीची असते: ‘दुकानात तपासलं तेव्हा ठीक होतं, मांडवात लावलं की घूं करतं.’ दुकान उदगीरच्या किंवा सोलापूरच्या बाजारपेठेत, तिथे व्होल्टेज पूर्ण. दुरुस्तीवाला मशीन उघडतो, काही सापडत नाही, आणि काहीतरी केल्याचं दिसावं म्हणून फिल्टर कंडेन्सर बदलून दुप्पट मोठा टाकतो. या एका सवयीबद्दल थोडं खरमरीत लिहिलं पाहिजे, कारण ती सगळीकडे आहे. ४७०० च्या जागी १०००० मायक्रोफॅरड घातले तर हेलकावा १ व्होल्टवर येतो हे खरं. पण रेग्युलेटर कधी हात टेकणार? १९० च्या ऐवजी १७८ व्होल्टला. इतके पैसे घालून पदरात पडले १२ व्होल्ट. कंडेन्सर जुना, फुगलेला, आतून वाळलेला असेल तर बदलायलाच हवा, पण तो वेगळा आजार. चांगल्या कंडेन्सरच्या जागी मोठा कंडेन्सर हा कमी व्होल्टेजवरचा उपाय नव्हे.

उपाय ट्रान्सफॉर्मरमध्ये आहे. १५ च्या जागी १८ व्होल्टचा घेतला, कंडेन्सर तोच ४७०० चा ठेवला, तर रेग्युलेटर थेट १५८ व्होल्टपर्यंत तग धरतो. किंमत फक्त उष्णतेत मोजायची. रात्री मोटारी बंद झाल्या आणि लाईन २५० वर चढली की रेग्युलेटरच्या मागे २५ व्होल्टच्या आसपास उभे राहतात. त्यातले १३ त्याला स्वतःच्या अंगावर जिरवावे लागतात, म्हणजे १ अँपियरला १३ वॅट. पत्र्याचा छोटा तुकडा पुरणार नाही, चांगला जाड हीटसिंक लागेल. ७८१२ ची मर्यादा ३५ व्होल्टची आहे, त्यामुळे तो मरणार नाही, तापेल. ट्रान्सफॉर्मर बदलायचा नसेल तर ब्रिजमध्ये शॉटकी डायोड घालून लाईनवरचे आणखी आठ-नऊ व्होल्ट वाचवता येतात. किंवा कमी फरकावर चालणारा रेग्युलेटर वापरावा; एलएम २९४० ला १ अँपियरवर अर्धा व्होल्ट फरक पुरतो. फक्त त्याची वरची मर्यादा २६ व्होल्टची, म्हणून १८ च्या ट्रान्सफॉर्मरशी त्याची गाठ घालू नये. हैदराबादच्या कोटीतल्या गुजराती गल्लीत या सगळ्या वस्तू मिळतात. तालुक्याच्या दुकानात बहुधा ७८१२ च मिळेल, आणि १८ व्होल्टच्या ट्रान्सफॉर्मरसोबत तोच बरा.

व्होल्टेज पूर्ण आहे आणि तरीही झर्र येते आहे, अशी दुसरी तऱ्हा असते. ती वायरींगमधली.

मघाशी पाहिलं की कंडेन्सर एक-दोन मिलिसेकंदांतच भरून घेतो. दहा मिलिसेकंदांचा माल दीड मिलिसेकंदात आणायचा तर झटका मोठा असणारच. १ अँपियरच्या सरासरी खर्चासाठी सहा ते आठ अँपियरचे झटके बसतात. कंडेन्सर जितका मोठा तितका झटका अरुंद आणि उंच. आता ब्रिजच्या मायनसपासून कंडेन्सरच्या मायनसपर्यंत जाणारी अर्ध्या चौरस मिलिमीटरची दहा सेंटिमीटर तार घ्या. तिचा रोध साडेतीन मिलिओहमसुद्धा नाही, मीटर शून्यच दाखवेल. पण आठ अँपियरचा झटका तिच्यातून गेला की दोन टोकांत २७ मिलिव्होल्टचा फरक पडतो. बुवांच्या माईकचा सिग्नल एक-दोन मिलिव्होल्टचा. मशीन जुळवणाऱ्यानं माईकची ग्राउंड तार सोयीसाठी या तुकड्याच्या ब्रिजकडच्या टोकाला डकवली असेल तर मशीनच्या दृष्टीनं ती तारच बुवांपेक्षा दहा-वीस पट जोरात गाते आहे. आणि हे झटके टोकदार असल्यामुळे त्यांत पटीतले वरचे सूर भरपूर, जे भोंग्याला फार आवडतात.

म्हणून नियम असा: ट्रान्सफॉर्मर, ब्रिज आणि कंडेन्सर यांच्यातल्या तारा आखूड, जाड आणि एकमेकींना पीळ देऊन न्यायच्या. या फेऱ्यात तिसऱ्या कुणाची तार जोडायची नाही. पुढच्या सगळ्या सर्किटची ग्राउंड कंडेन्सरच्या मायनस पायापासून सुरू करायची, ब्रिजच्या बाजूनं नव्हे, आणि त्या पायापासून माईकची, पॉवर स्टेजची, स्पीकरची अशी वेगवेगळी तार काढायची. खर्च शून्य, फक्त सोल्डरिंग पुन्हा करायचं. नव्या कंडेन्सरवर दोनशे रुपये घालवायच्या आधी ही एक तार हलवून पाहावी.

झटके बोथट करायचे असतील तर एका मोठ्या कंडेन्सरऐवजी दोन घ्यावेत आणि मध्ये ०.४७ ओहमचा वायरवाउंड रेझिस्टर टाकावा. १०० हर्ट्झची गुणगुण यानं जेमतेम निम्म्यापर्यंत येते, पण वरची कर्कश पिल्लावळ बरीचशी गळून पडते. माईकच्या प्रीअॅम्पला करंट लागतोच किती, दहा-वीस मिलिअँपियर. तिथे १०० ओहम आणि १००० मायक्रोफॅरडची वेगळी जोडी लावली तर १०० हर्ट्झ साठ पटींनी खाली येतो. दहा मिलिअँपियरला एक व्होल्ट खर्च होतो, एवढंच.

ही युक्ती जुनीच आहे. हैदराबादचा डेक्कन रेडिओ निजामाच्या संस्थानाचा होता, १९५० मध्ये तो आकाशवाणीत आला. त्या काळातले व्हॉल्व्हचे रेडिओ ज्यांच्या माळ्यावर अजून आहेत त्यांनी मागचा पुठ्ठा काढून पाहावं. दोन कंडेन्सर आणि त्यांच्या मध्ये लोखंडी गाभ्याचा चोक दिसेल. १० हेन्रीचा चोक आणि ३२ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर मिळून गुणगुण सव्वाशेपट कमी करतात. त्याहून जुन्या संचांत तर चोक वेगळा नसायचाच. स्पीकरच्या चुंबकाला जी तार गुंडाळलेली असे तीच चोकचं काम करायची. एका वस्तूत दोन कामं उरकण्याचा तो काटकसरीपणा आज मशीनमध्ये सहसा दिसत नाही.

तिसरी तऱ्हा रात्रीची. दिवसा शांत असलेलं मशीन जागराच्या वेळी, मोटारी बंद झाल्यावर, गुणगुणू लागतं. हिचा सूर बहुधा ५० हर्ट्झचा, पांढरी पाचच पण एक सप्तक खाली, आणि मऊ. लाईन २५० वर गेली की स्वस्तातल्या ट्रान्सफॉर्मरचं लोखंड तुडुंब भरतं. लोखंड आणि तांबं वाचवण्यासाठी तो आधीच काठावर गुंडाळलेला असतो; व्होल्टेज थोडं चढलं की गाभ्यात न मावणारं चुंबकत्व बाहेर सांडतं आणि आसपासच्या तारांत शिरतं. माईकच्या इनपुटची तार ट्रान्सफॉर्मरच्या शेजारून जात असेल तर तिला ते सगळ्यांत आधी जाणवतं. ओळखायची खूण सोपी: ट्रान्सफॉर्मरचे स्क्रू सैल करून, तारा न तोडता, तो जागच्या जागी फिरवून बघायचा. मशीन चालू ठेवून करायचं काम आहे, म्हणून लाकडी दांड्यानं, एक हात खिशात ठेवून, आणि माहीतगारानंच. एखाद्या कोनात गुणगुण पडते. तिथेच तो पुन्हा आवळायचा.

ट्रान्सफॉर्मरला तांब्याचा पत्रा लावायच्या दोन जागा आहेत आणि दोन्हींचे नियम एकमेकांच्या उलट, म्हणून घोळ होतो. पहिली जागा बाहेरून: पूर्ण ट्रान्सफॉर्मरच्या, लोखंडासकट, कमरेभोवती पट्टा. हा पट्टा दोन्ही टोकं सोल्डर करून बंद केलाच पाहिजे. सांडलेलं चुंबकत्व त्या बंद फेऱ्यात उलटा करंट उभा करतं आणि तो करंट त्याच चुंबकत्वाला दाबतो. दुसरी जागा आतून: २३० चं वेटोळं आणि १५ चं वेटोळं यांच्या मधला पातळ पत्रा, ज्याला गुंडाळणारे शील्ड म्हणतात. याची टोकं एकमेकांवर आली तरी मध्ये कागद हवा, ती टेकता कामा नयेत. टेकली तर तो गाभ्याभोवतीचा एक शॉर्ट झालेला वेढा होतो आणि ट्रान्सफॉर्मर काही मिनिटांत धूर काढतो. आतल्या शील्डचं काम चुंबकत्वाशी नाहीच. दोन वेटोळी शेजारी-शेजारी असल्यामुळे त्यांचा आपोआप एक छोटा कंडेन्सर बनतो आणि लाईनवरचा कचरा त्यातून उडी मारून पलीकडे येतो. शील्ड अर्थला जोडलं की तो कचरा मध्येच झेलला जाऊन जमिनीत जातो. ट्रान्सफॉर्मर गुंडाळून घेणार असाल तर शील्ड सांगून टाकून घ्या. गोल, टोरॉइडल ट्रान्सफॉर्मर चुंबकत्व कमी सांडतो म्हणून हल्ली सगळे त्याच्या मागे आहेत. पण त्यातली वेटोळी एकमेकांवर पसरलेली असल्यानं हा कचरा तो चौकोनी ट्रान्सफॉर्मरपेक्षा सहज पुढे सोडतो, हे विकणारा सांगत नाही.

कचरा म्हणजे काय हे ऐकायचं असेल तर मिडीयम वेव्हचा रेडिओ उत्तम. आकाशवाणी कलबुर्गीचा ११०७ किलोहर्ट्झ, परभणीचा १३०५, सोलापूरचा १६०२ हे आकडे इथल्या जुन्या श्रोत्यांना पाठ आहेत. रेडिओ स्टेशनवर नसताना शांत, स्टेशन लावलं की मात्र त्या कार्यक्रमाच्या पोटात घूं, असं होत असेल तर दोष रेडिओच्या फिल्टरचा नाही. डायोड मिटताना एकदम मिटत नाही. क्षणभर उलटा करंट जाऊ देतो आणि मग झटकन तोडतो. त्या झटक्यानं ट्रान्सफॉर्मरचं वेटोळं काही लाख हर्ट्झवर थरथरतं. शिवाय घरातल्या विजेच्या तारा एरियलसारख्या स्टेशनच्या लहरी पकडतात, आणि सेकंदाला शंभरदा उघडमीट करणारा ब्रिज त्या लहरींवर स्वतःची गुणगुण चढवून परत सोडतो. प्रत्येक डायोडवर समांतर ०.०१ मायक्रोफॅरडचा एक सिरॅमिक डिस्क कंडेन्सर लावला की दोन्ही प्रकार बहुतेक थांबतात. चार डिस्क, चहाच्या पैशांत. जुन्या रेडिओ कंपन्या हे आवर्जून करत. आता पैसे वाचवायचे झाले की पहिल्यांदा हेच डिस्क गळतात.

सगळाच आवाज आपल्या मशीनचा नसतो, हेही पाहावं. सेकंदाला एकदा टक्, टक् येत असेल तर शेजारच्या शेतात रानडुकरांसाठी झटका मशीन लावलेलं आहे आणि त्याच्या तारेला गवत टेकलं आहे. पंख्याचा रेग्युलेटर फिरवला की झर्र बदलत असेल तर तो पंखा. ढोलीत मुंगळे शोधावेत तसं सगळं उपसायची गरज नाही. मशीन बॅटरीवर चालवून पाहा. आवाज गेला तर पॉवर सप्लाय किंवा लाईन, राहिला तर अॅम्प्लिफायर किंवा माईकची तार. मग व्हॉल्यूम शून्यावर न्या. गुणगुण व्हॉल्यूमबरोबर कमी झाली तर ती व्हॉल्यूमच्या आधी शिरते आहे, माईकच्या बाजूला. तशीच राहिली तर पुढे, पॉवर स्टेजकडे.

राहिलं अर्थिंग, आणि इथे चेष्टा नाही.

बीदर शहर जांभ्या खडकाच्या पठारावर आहे. पाणी त्यातून झिरपून खाली जातं. नौबादजवळची बहामनी काळातली भुयारी सुरंग बावी याच खडकात खोदलेली आहे. वरचा थर त्यामुळे कोरडा पडतो आणि उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा नावापुरता उरतो. खाली कलबुर्गीकडची काळी माती ओली असेपर्यंत उत्तम अर्थ देते, पण चैत्रात तिला हात जाईल अशा भेगा पडतात आणि अर्थिंगचा पत्रा मातीपासून सुटतो. कोळसा-मीठ घातलेल्या खड्ड्यात उन्हाळाभर पाणी ओतत राहायचं, हा आयएस ३०४३ मध्ये दिलेल्या सल्ल्याचा घरगुती अर्थ. अर्थ नसलेल्या ठिकाणी माईकच्या जाळीला ओठ लागला की मुंग्या येतात ना, त्याचं एक नेहमीचं कारण असं की मशीनच्या लाईन फिल्टरमध्ये फेज-अर्थ आणि न्यूट्रल-अर्थ असे दोन छोटे कंडेन्सर असतात. अर्थ सुटली की मशीनचा पेटारा त्या दोघांच्या मधोमध लोंबकळतो, म्हणजे साधारण ११५ व्होल्टवर. त्यातून वाहणारा करंट फार थोडा, एरवी जीवघेणा नाही. पण मुंग्या आल्या तर अर्थ सुटली आहे हे नक्की, आणि आत खरा शॉर्ट झाला तर आता वाचवायला काही नाही.

याच्याच उलट टोक म्हणजे अर्थ दोनदा लागणं. मिक्सर देवळातल्या बोर्डावर, पॉवर अॅम्प्लिफायर रस्त्यापलीकडच्या जनरेटरवर किंवा दुसऱ्या घराच्या बोर्डावर. दोघांनाही अर्थ आहे आणि मध्ये सिग्नलच्या तारेची जाळीही जोडलेली. हा मोठा फेरा ५० हर्ट्झ गोळा करतो. अशा वेळी साऊंडवाले सर्रास एका प्लगची मोठी पिन काढून टाकतात. गुणगुण लगेच थांबते, म्हणून सवय लागते. ती पिन काढायची नाही. सिग्नलच्या वाटेत ६०० ओहमचा एक छोटा ऑडिओ ट्रान्सफॉर्मर टाकायचा. आवाज चुंबकत्वानं पलीकडे जातो, तांब्याची जोडणी तुटते, आणि दोन्ही मशीनच्या पिना जागेवर राहतात. त्याहून सोपं म्हणजे दोन्ही मशीन एकाच बोर्डावर घ्यायची आणि लांब न्यायची ती स्पीकरची तार.

नव्या मशीनमध्ये हल्ली ट्रान्सफॉर्मरच्या जागी एसएमपीएस येतो. त्यातला चांगल्या दर्जाचा सप्लाय १०० व्होल्टपासून २४० पर्यंत कुठेही चालतो, त्यामुळे मोटारी सुरू झाल्यावरची घूं त्यात नाही, आणि वजनही निम्म्याहून कमी. बदल्यात तो स्वतः काही दहा हजार ते लाखभर हर्ट्झवर उघडमीट करतो. भोंग्यात ते ऐकू येत नाही, शेजारच्या घरातल्या मिडीयम वेव्हवर येतं. शिवाय लाईनवरून आलेल्या विजेच्या झटक्यात, पावसाळ्याच्या तोंडावर, तो आधी जळतो. जुना लोखंडी ट्रान्सफॉर्मर अशा झटक्यांना सहसा दाद देत नाही. भालकी-औरादकडचे जाणते साऊंडवाले दोन्ही बाळगतात: लग्नाला एसएमपीएसचं हलकं मशीन, आणि आठ दिवसांच्या सप्ताहाला १८ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर घालून घेतलेलं जुनं.